दुरुस्तीकाका

बेसिनचा नळ डुगडुगायला लागला की घरातले बाकीचे प्लंबरचा नंबर शोधतात. काका सदरा काढून बनियनवर येतात. आयुष्यभर सरकारी खात्यात फायली हलवून निवृत्त झालेले असे एक तरी काका असल्याशिवाय पुण्यातल्या सोसायटीला कन्व्हेयन्स डीड मिळत नसावं. ‘एक नट आवळायचा, त्याचे काय पैसे द्यायचे?’ हे त्यांचं ब्रीद.

नट एकच असतो, हे खरं. पण तो असतो बेसिनच्या खाली, भांड्याच्या पाठीमागे, भिंतीला खेटून. ज्यानं तो बसवला, त्यानं बेसिन भिंतीवर चढवण्याआधीच बसवलेला असतो. काकांना हे कळतं ते हात आत अडकल्यावर.

मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघतो. त्यात गंजके पाने, वापरलेले वायसर आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं बरंच काही. टेफ्लॉन टेप तर काका कशालाही गुंडाळतात. ती गळती थांबवते, डुगडुग नव्हे, हे त्यांना सांगायचं कुणी?

काका उताणे झोपतात. डोकं बेसिनखाली, पाय पॅसेजमध्ये. खालून नट फिरवला की वरचा नळही सोबत फिरतो, म्हणून तो धरायला काकू. मोबाइलचा टॉर्च धरायला नातू. तो प्रकाश नटावर सोडून सगळीकडे पाडतो.

“घट्ट धर!”

“धरलाय.”

“मग फिरतोय कसा?”

“तुम्ही फिरवताय म्हणून!”

आत पाना जेमतेम बोटभर हलतो. मान अवघडली की काका उठतात आणि उभ्यानंच, वरून मागे हात घालतात. आता आवळायची दिशा उलटी झालेली असते, काकांची मात्र तीच राहते. ‘आला, आला, बसतोय आता’ म्हणता म्हणता नळ काकूंच्या हातात येतो.

यावर काकांकडे शेवटचा उपाय असतो: एमसील. दोन वड्या मळून ते नळाच्या बुडाशी असं लिंपतात की नळ हलायचा थांबतो. तोंड जरा भिंतीकडे वळलेलं राहतं, एवढंच. घरातले आठवडाभर तिरके उभे राहून दात घासतात.

अखेर काकू प्लंबरला बोलावतात. त्याचा निम्मा वेळ एमसील खरवडण्यात जातो. काका स्टुलावर बसून देखरेख करतात. “मी म्हटलंच होतं, वायसर गेलंय.” प्लंबर पिशवीतून लांब दांड्याचा, टोकाला आडवा जबडा असलेला पाना काढतो, खालून सरळ वर घालतो, दांडा फिरवतो. नळ ताठ.

काका नळाकडे बघतही नाहीत.

“हा पाना कुठं मिळतो रे? केवढ्याला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरची बेल वाजते. दारात काका, हातात नवा कोरा पाना.

“तुमच्याकडे काही हलतंय का हो?”