तारीख आणि वापसा

तालुक्याच्या कोर्टात निव्वळ वकिली करणारा वकील शोधूनच काढावा लागतो. बहुतेकांची चार-पाच एकर असते आणि विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, "शेती काय हो, नावाला." आमच्या आबांचं उलट. "वकिली नावाला, मूळ धंदा शेती," हे ते भर कोर्टात, मुदतीच्या अर्जावर बोलताना जजसाहेबांना म्हणाले होते. साहेबांनी विचारलं, "मग हा काळा कोट कशाला?" आबा म्हणाले, "उसाची पात कापते, साहेब." मुदत मिळाली.

सातारा जिल्ह्यात जिथं बागायत संपून माळ सुरू होतो, तिथलं आमचं कोर्ट. मी आबांचा ज्युनिअर. ज्युनिअरनं आधी काय शिकायचं, तर सिनिअरच्या कोटाचे खिसे. आबांच्या डाव्या खिशात कोर्ट-फीची तिकिटं, उजव्यात टेस्टर आणि फ्यूजची तार. एकदा प्रतिज्ञापत्राला तिकीट लावायला त्यांनी घाईत चुकीच्या खिशात हात घातला आणि शिरस्तेदारांच्या टेबलावर डोळा फुटलेलं आल्याचं बेणं ठेवलं. शिरस्तेदारांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "याला निशाणी किती देऊ?"

आबांचं इंग्रजांशी खरं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. कोर्टाची उन्हाळी सुट्टी मे महिन्यात, म्हणजे रान तापत पडलेलं असतं तेव्हा. आणि कोर्ट उघडतं जूनच्या सुरुवातीला, नेमकं मृगाच्या तोंडावर. "त्यांना उकडत होतं म्हणून सुट्टी. पेरायचं कुठं होतं त्यांना?" पण दिवाणी प्रक्रिया संहितेवर त्यांचा राग नव्हता. त्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं म्हटलंय. "एक पेरणीला, एक लागणीला, एक तोडीला. हे कलम लिहिणाऱ्याच्या घरी शेती असणार," असं ते नव्या ज्युनिअरला गंभीरपणे सांगत. आडसाली उसाची लागण असली की पुरसीस माझ्या हातात आणि आबा सरीत. पाऊस पडून गेला की वापसा कधी येईल ते पाहून आम्ही तारखा मागायचो. कारण म्हणून आम्ही 'प्रकृतिअस्वास्थ्य' लिहायचो. कुणाची प्रकृती ते लिहायचो नाही.

कायदा स्वतःच्या कामाला आला की मात्र आबांचा हात आखडायचा. ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि ते तालुक्याला आबांनीच पाठ करून दिलं होतं. दर हंगामात ते कारखान्याला द्यायच्या नोटिशीचा झकास मसुदा करत. मी टंकलिखित करून आणायचो. आबा वाचत, स्वल्पविराम दुरुस्त करत आणि ड्रॉवरमध्ये ठेवत. नोटीस गेली की पुढच्या वर्षी तोडणीची टोळी आपल्या रानात सगळ्यात शेवटी येणार, हे त्या आदेशात लिहिलेलं नव्हतं, पण आबांना माहीत होतं.

घरी वेगळंच कोर्ट भरायचं. गुळांब्याची बरणी रिकामी सापडली की आबा जेवायच्या पाटावरून उलटतपास घेत. "असे म्हणणे खरे नाही काय, की दुपारी तू माळ्यावर होतास?" पोरं मराठी शाळेत जायच्या आधी 'हे म्हणणे खोटे आहे' एवढं वाक्य बोलायला शिकली होती. तपास रंगात आला की स्वयंपाकघरातून काकू म्हणत, "बरणी मी धुतली. जेवा." निकाल तिथंच. काकूंच्या निकालावर अपिलाची तरतूद नव्हती.

तालुक्यातल्या निम्म्या बहिणींची हक्कसोडपत्रं आबांच्या हातची. भाऊ बहिणीला साडी घेऊन यायचा, बहीण डोळे पुसत सही करायची, आबा फी मोजून घ्यायचे. या गोष्टीची मला अजूनही चीड आहे, आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली होती. त्यावर ते काही बोलले नाहीत. स्वतःची बहीण मात्र सही करायला आली तेव्हा आबांनी दौत उचलून फडताळात ठेवली आणि तिचं नाव उताऱ्यावर चढवून घेतलं. त्याची फळं त्यांनी आयुष्यभर भोगली. आत्या दरवर्षी दिवाळीला येई, ओवाळी आणि ओवाळणीचं ताट खाली ठेवायच्या आत विचारी, "आबा, उसाची पट्टी दाखव. आल्याला दर काय मिळाला?" जिल्हा न्यायालयात न घाबरणारे आबा भाऊबीजेच्या आदल्या रात्री वह्या काढून बसत.

आता बांध. आबांच्या वकिलीतले निम्मे दावे बांधाचे आणि उरलेले बांधावरून झालेल्या हाणामाऱ्यांचे. आजोबांचं वकीलपत्र घेतलं आणि नातवाकडून फी घेतली, असा एक दावा तर आमच्याच ऑफिसात होता. आणि याच आबांचा चुलतभाऊ दरवर्षी नांगराच्या एकेक तासानं त्यांचा बांध खात होता! बाररूममध्ये लोक चिडवत, "आबा, वकील असून?" आबा म्हणत, "वकील आहे म्हणूनच." मग हिशेब सांगत. मोजणीची फी, कोर्ट कमिशनर, साक्षीदारांची जेवणं, निकाल, जिल्ह्याला अपील, तिथून मुंबई. "आणि मिळणार काय? पाटीभर भुईमूग येईल एवढी पट्टी."

म्हणून काय सोडून दिली म्हणता? त्या पट्टीत चुलतभाऊ भुईमूग लावायचा आणि शेंगा निघाल्या की भाऊबंदकीला शोभेल असं थोडं लाजत एक पाटी आबांकडे आणून द्यायचा. आबा त्याला बसवत, चहा पाजत आणि पावती लिहीत: 'माझे मालकीचे गटातील बांधालगतची पट्टी आपण माझे परवानगीने कसत आहात, त्यातील शेंगा पाटी एक मिळाली. लोभ असावा.' दोन प्रती. खाली पोच म्हणून चुलतभावाची सही. त्याला वाटायचं, भाऊ रीतीचा आहे. मुदतीच्या कायद्यानं बारा वर्षं विरुद्ध कब्जा दाखवला की मूळ मालकाचा हक्क जाऊ शकतो. पण परवानगीनं कसलेली जमीन शंभर वर्षं कसली तरी कसणाऱ्याची होत नाही. चहा आणि पावतीत आबांनी दरवर्षी तो दावा जिंकला, प्रतिवादीला पत्ता न लागता.

पत्ता नव्हता असं मला वाटायचं. आबा गेल्यावर कपाट लावताना पावत्यांची फाइल निघाली, तारखेप्रमाणे लावलेली. ती मी चुलतभावाला दाखवली. तो म्हणाला, "वकीलसाहेब, माझ्याकडंबी हाय की सगळ्या. आवं, मला वाचता येतंय." मग सही का करायचा, असं विचारलं. "नसती केली तर त्यो दावा लावला असता. मग माझं वकीलपत्र कुणी घ्यायचं? माझा वकील त्योच."

तालुक्याची मृत्युपत्रं करणाऱ्या आबांनी स्वतःचं केलं नव्हतं. काकू, दोन मुलं आणि मुलगी अशी चारही नावं वारस म्हणून लागली. पंचनाम्याला पहिला पंच चुलतभाऊ होता आणि बांधाबद्दल विचारलं तेव्हा त्यानं बांध बरोबर जुन्या जागी दाखवला. पट्टी अजून तोच कसतो. पावती आता काकू देतात, मजकूर तोच.

ज्यांच्या उताऱ्यावर अजून आजोबाच नांदत आहेत, त्यांनी मनावर घ्यावं. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते, साध्या कागदावर चालते, तोंडीही चालते. वकील लागत नाही. लागतो, असं आबा सांगायचे.