चढत्या भाजणीने रुलेट कसे खेळावे

सर्वप्रथम एक वही घ्यावी. दोनशे पानी, आडव्या रेघांची. रुलेटच्या टेबलावर नुसता पैसा घेऊन बसणाऱ्याला जुगारी म्हणतात, वही घेऊन बसणाऱ्याला अभ्यासक. घरी हिशेब देताना हा फरक उपयोगी पडतो.

खेळण्यासाठी पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो-बोटींपैकी एखादी निवडावी. वाचक गोव्याचा रहिवासी असेल तर त्याने हे मार्गदर्शन इथेच मिटावे, कारण 1 फेब्रुवारी 2020पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. सरकारला आपल्या माणसांची किती काळजी असते ते यावरून कळते. कोल्हापूर-बेळगावकडून येणाऱ्यांची किती असते, तेही कळते.

टेबलावर बसण्यापूर्वी चाकावरचे खण मोजावेत. 1 ते 36 हे अर्धे लाल, अर्धे काळे, आणि एक हिरवे शून्य, असे 37 भरले तर बसावे. दोन शून्ये दिसली तर उठावे, कारण तिथे कॅसिनोचा वाटा 2.70 टक्क्यांवरून 5.26 टक्क्यांवर जातो. या लेखातला हा एकमेव खरा सल्ला आहे. घाईत असलेल्यांनी तो सोडून पुढे जावे.

आता मूळ पद्धत, म्हणजे मार्टिंगेल. लालवर 100 रुपये लावावेत. हरलात तर 200, पुन्हा हरलात तर 400, अशी दुप्पट करत जावे. ज्या डावाला लाल येईल त्या डावाला मागचे सगळे नुकसान भरून निघते आणि वर 100 रुपये नफा राहतो. हे गणित इतके सोपे आहे की ते याआधी कुणालाच कसे सुचले नाही, असे प्रत्येक नवशिक्याला वाटते. सुचले होते. कॅसानोव्हाने 1754मध्ये व्हेनिसच्या रिदोत्तो या जुगारघरात पत्त्यांवर हाच प्रयोग मैत्रिणीच्या पैशांवर केला. आधी तो जिंकत गेला, मग कफल्लक झाला, आणि शेवटी तिचे हिरे विकून ते पैसेही हरला. हे सगळे त्याने स्वतःच आठवणींत लिहून ठेवले आहे. आपण ते वाचलेले नाही अशा थाटात सुरुवात करावी.

पहिले चार डाव मजेत जातात. पाचव्याला 1,600 सरकवताना शेजारचा माणूस आपल्याकडे बघू लागतो. सहाव्याला 3,200. इथे बोटे जरा थरथरतात, तेव्हा वहीत काहीतरी खरडावे. सातव्याला 6,400. डीलर हात फिरवून ‘नो मोअर बेट्स’ म्हणते आणि गोटी दोनदा उडी मारून काळ्यात बसते. आठव्याला 12,800 मांडताना आपण एकूण किती जिंकायला बसलो आहोत हे आठवू नये. उत्तर शंभर आहे.

तोही डाव गेला तर एकूण 25,500 रुपये गेले. असे लागोपाठ आठ वेळा हरण्याची शक्यता सुमारे 207त एक. म्हणजे सरासरीचा विचार केला तर 206 वेळा शंभर-शंभर करत 20,600 कमवावेत आणि एकदा 25,500 द्यावेत. मधले 4,900 रुपये फी समजावी. 206 वेळा आपलेच बरोबर ठरण्याचा अनुभव संसारी माणसाला दुसरीकडे एवढ्या स्वस्तात मिळत नाही.

‘मग नवव्यांदा दुप्पट करायची’ असे म्हणणाऱ्याने टेबलाच्या कडेची छोटी पाटी वाचावी. तिच्यावर किमान आणि कमाल रक्कम असते. समजा किमान 100 आणि कमाल 20,000 असेल, तर 25,600चा नववा डाव तुम्हाला लावताच येत नाही. ही पाटी कॅसिनोने स्वतःसाठी लावलेली असली तरी खेळणाऱ्यावरही तिचे उपकार आहेत. हस्तिनापूरच्या सभेत तशी पाटी नव्हती. धर्मराजाने धन, राज्य, भाऊ, स्वतः आणि मग द्रौपदी अशी भाजणी बिनबोभाट चढवली, आणि दुसऱ्या फेरीलाही तो येऊन बसला.

पाटी नसती तरी पैशाचा प्रश्न उरतोच. माँटे कार्लोला 18 ऑगस्ट 1913च्या रात्री एका टेबलावर लागोपाठ 26 वेळा काळे आले. लालवर 100पासून दुप्पट करत बसलेल्या माणसाचे तोवर 671 कोटी 8 लाख 86 हजार 300 रुपये गेले असते. सत्ताविसाव्या डावाला त्याहून शंभर रुपये जास्त लावायचे, शंभर रुपयांच्या नफ्यासाठी. त्या रात्री लोक लालवर पैसे ओतत होते, कारण इतके काळे आल्यावर आता लाल ‘येणारच’ होते. गोटीला स्मरणशक्ती नसते ही बाब वहीवाल्याने मनावर घेऊ नये. टेबलाशेजारी मागचे आकडे दाखवणारा झगमगता फलक असतो, त्याकडे बघावे. कॅसिनो हा फलक फुकट लावतो. ज्या माहितीने खेळणारा जिंकू शकला असता ती त्याने फुकट दिली असती का, असा प्रश्न सुचल्यास पाणी प्यावे.

मार्टिंगेल झेपत नसेल त्यांच्यासाठी सौम्य पद्धती आहेत. फिबोनाचीत 1, 1, 2, 3, 5, 8 असे चढायचे. दालांबेरमध्ये हरल्यावर एक घटक वाढवायचा, जिंकल्यावर एक कमी करायचा. हा दालांबेर मोठा गणिती. दोनदा नाणे उडवल्यावर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता चारात तीन असते, ती त्याने 1754मध्ये फ्रेंच ज्ञानकोशात तीनात दोन लिहिली. जुगाराच्या पद्धतीला याहून शोभणारे नाव मिळाले नसते. लाबूशेर पद्धतीत मात्र वहीचे खरे सार्थक होते. 1-2-3-4 लिहायचे, पहिला आणि शेवटचा आकडा मिळवून तेवढे लावायचे, जिंकलात तर दोन्ही खोडायचे, हरलात तर हरलेली रक्कम शेवटी जोडायची. तासाभरात पान असे दिसते की कुणालाही वाटावे, इथे काहीतरी संशोधन चालले आहे.

यांपैकी कुठलीही निवडावी. 100च्या डावावर कॅसिनोचे सरासरी 2 रुपये 70 पैसे, 12,800च्या डावावर सुमारे 346 रुपये. आकडे कुठल्याही क्रमाने मांडा, लावलेल्या एकूण पैशातून तेवढा हिस्सा जातोच. शिवाय या सगळ्या पद्धती जीएसटीच्या आधीच्या आहेत. 1 ऑक्टोबर 2023पासून चिपांसाठी मोजलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के कर लागला, आणि 22 सप्टेंबर 2025पासून तो 40 टक्के झाला. जिंकलात की हरलात, हे सरकार विचारत नाही. त्यासाठी वहीत वेगळा रकाना आखावा, लाल शाईने.

वेळेचे नियोजन शेवटी. प्रवेशशुल्कात बहुधा जेवण धरलेले असते. मार्टिंगेलवाल्याने आधी जेवून घ्यावे, त्याचा कार्यक्रम आठ डावांत आटोपू शकतो. लाबूशेरवाल्याला घाई नाही. त्याचे हरणे सावकाश असते, त्यामुळे त्याने मध्यंतरात उठून गोडाचाही समाचार घ्यावा.