फियाटराव

मैसुरात जुन्या गाडीचा माणूस ओळखायचा तर त्याची नखं बघावीत. नखांत ग्रीस असेल तर तो मेकॅनिक. नखं स्वच्छ, खिशात पिवळं फडकं आणि तोंडी "हल्ली विश्वासाचा माणूस मिळत नाही हो" हे पालुपद असेल, तर तो वारसदार. आमचे फियाटराव या दुसऱ्या गोत्रातले. खरं नाव निराळं, पण इथल्या मराठी घरांत हेच चालतं. नाव तरी चालतं.

अप्पांच्या माघारी थोरल्याला घर आलं आणि धाकट्याला १९६८ची फियाट ११०० डिलाइट. वाटणीत नेमकं कोण फसलं याबद्दल घरात दोन मतं आहेत, आणि दोन्ही धाकट्या वहिनींचीच आहेत. गाडी वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्यात बनलेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, पुढची सीट सोफ्याइतकी ऐसपैस. अप्पा त्या गाडीतून सगळं कुटुंब चामुंडी टेकडीवर नेत. फियाटराव तिला पोर्चमध्ये पुसतात.

गॅरेजात ते गाडी घेऊन जात नाहीत. आधी एकटे जातात, मुलाखत घ्यायला. समोरचा बिचारा कुणाच्या तरी स्विफ्टखाली उताणा पडलेला असतो, आणि त्याच्या दोन पायांना हे विचारतात, "फियाटचं काम केलंय का कधी? कुणाच्या हाताखाली शिकलात? मीटरच्या काचेला ओलं फडकं लावता की कोरडं?" पाय उत्तर देत नाहीत. फियाटराव वहीत फुली मारतात.

एकदा बन्नीमंटपाकडच्या एका पोरापर्यंत गाडी खरोखर पोचली. पोरगा हुशार. लॅपटॉप उघडला, वायर काढली आणि डॅशबोर्डखाली मान घालून बराच वेळ चाचपत राहिला. शेवटी डोकं बाहेर काढून म्हणाला, "साब, इसमें स्कॅनर किधर लगाते?" दुसऱ्याने डायनॅमो काढून मारुतीचा अल्टरनेटर बसवून देतो म्हटलं, लाइट झकास लागेल, बॅटरी उतरणार नाही. सल्ला अगदी व्यवहाराचा होता. फियाटरावांनी त्या माणसाशी पुढे ओळखसुद्धा ठेवली नाही.

गंमत अशी, की विश्वासाचा माणूस त्यांना मिळून चुकला आहे. यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता. १९६१ पासून तिथे जावा आणि मग येझदी मोटरसायकली बनल्या, १९९६ ला कारखान्याला टाळं लागलं. तिथे हात काळे केलेल्यांपैकी एक म्हातारा घराच्या ओट्यावर पाने मांडून बसतो. त्याच्यासमोर डिलाइट उभी केली तेव्हा मी हजर होतो. फट्‌फट् करून बंद पडायची, एवढीच तक्रार. म्हाताऱ्याने डेल्कोचं टोपण काढलं, आत वाकून पाहिलं, पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून पॉइंटवर दोनदा फिरवला. मग काड्यापेटीच्या पुठ्ठ्याची पट्टी फाडून फटीत सरकवली, स्क्रू आवळला आणि पट्टी नाकासमोर धरून फुंकली. गाडी अर्ध्या फिरकीत सुरू झाली. पैसे मागितले दोनशे.

"ओडिसि सार्," म्हातारा म्हणाला. "निंत्रे हाळागुत्ते." चालवा साहेब, उभी राहिली की बिघडते.

फियाटरावांचा चेहरा तिथेच उतरला. दोनशे रुपयांत? काड्यापेटीच्या पुठ्ठ्याने? चढावर पेट्रोल पंप तापला तर त्यावर ओलं फडकं टाका, असंही तो वर म्हणाला होता. अप्पांच्या गाडीवर पोतेरं! घरी येताना मला म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण गांभीर्य नाही." माझा अंदाज वेगळा आहे. दुरुस्तीला पैसे कमी लागले याचं दुःख यांना नव्हतं. दुरुस्ती झाली याचं होतं. आता रविवारी करायचं काय?

सुदैवाने सरकार मदतीला धावलं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. अट एवढीच, की ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल, यासाठी मात्र मुभा. फियाटरावांनी हा नियम मला दोनदा वाचून दाखवला. आयुष्यभर ते जे करत आले, त्याला दिल्लीने कायद्याचं रूप दिलं होतं.

सुट्या भागांचंही तेच. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमच्या बंद झाल्या. पद्मिनी म्हणजे डिलाइटचीच पुढची पिढी. मी म्हटलं, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे विचारा, बरंच काही जुळेल. "टॅक्सीचं?" त्यांनी विचारलं. बस्स, एवढंच विचारलं.

श्रीरंगपट्टणाजवळ, बंगळूरच्या रस्त्यावर, धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेगडे यांचं 'पयण' हे जुन्या गाड्यांचं संग्रहालय आहे. लोक तिथे गाड्या बघायला जातात. फियाटराव तिथल्या राखणदाराला गाठून विचारतात, "यांचं काम कोण करतं?" गेले ते मात्र आमच्या व्हॅगनआरमधून.

परवा ते हर्षभरित होऊन आले. हुणसूरकडे एक मेकॅनिक आहे म्हणे, फक्त फियाट करतो, दुसऱ्या गाडीला हात लावत नाही, शिवाय तिरसट आहे. सगळी लक्षणं उत्तम. "मग कधी नेताय?" मी विचारलं.

"तेच तर," फियाटराव आवाज खाली आणून म्हणाले, "वाटेत काही झालं तर? त्या रस्त्यावर आपल्या विश्वासाचा कोणी आहे का?"