अर्धा एकर फुकट

मृग चार दिवसांवर आला आणि तात्यांचा रोटर थांबला. तासगावच्या पलीकडे मळा, ट्रॅक्टर चाळीस वर्षांचा. तो सुरू व्हायचा, पळायचा, भरली ट्रॉलीही ओढायचा. फक्त रोटाव्हेटर रानात टेकवला की दहा मिनिटांत पाती थांबायची आणि सीटखालून जळका वास यायचा. गावातल्या फिटरनं दोनदा बघितलं. दोन्ही वेळा ट्रॅक्टर थंड होता आणि दोन्ही वेळा रोटर भिंगरीसारखा फिरला. "तात्या, ह्याला काय झालंय? तुमचंच बीपी बघून घ्या एकदा," म्हणून तो गेला. शेवटी सांगलीच्या अलीकडे, माधवनगरला एक जुने मिस्त्री होते, त्यांच्याकडे न्यायचं ठरलं.

पहाटे साडेपाचला पुतण्या स्टिअरिंगवर आणि तात्या मडगार्डवर (तिथं बसू नये, हे तात्यांना ठाऊक होतं) असे दोघे निघाले. मागे उचललेला रोटर. तासगावात गणपतीच्या सात मजली गोपुराला पुतण्यानं एका हातानं नमस्कार केला आणि डावा पाय क्लचवर ठेवला तो तिथंच राहिला. "पाय काढ की तिथनं," तात्या म्हणाले. हे वाक्य त्या दिवशी चौदा वेळा झालं.

मोटारीतून जाणाऱ्याला रस्ता दिसतो, ट्रॅक्टरवरून जाणारा रस्त्याला दिसतो. ताशी वीसच्या वेगानं जाणाऱ्याला कुणीही हाक मारू शकतं, आणि मारतंच. कवठे एकंदला चहाला थांबले, तर कप हातात यायच्या आत चारजण रोटरभोवती जमले. दसऱ्याला शोभेच्या दारूकामानं आभाळ पेटवणारं हे गाव. जळक्या वासाबद्दल त्याचं मत हलक्यात घेण्यासारखं नव्हतं.

"पॅडलला लूज ठेवलंय का?" एकानं विचारलं. पॅडल थोडं रिकामं दबलं पाहिजे. नाहीतर रिलीज बेअरिंग सतत क्लचच्या फिंगरवर टेकून राहतं आणि प्लेट घसरते. सल्ला पुस्तकी होता, खराही होता, पण या दुखण्याला लागू नव्हता. तात्यांच्या ट्रॅक्टरला दोन टप्प्यांचा क्लच होता. पॅडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टर थांबतो, रोटर फिरत राहतो. पूर्ण दाबलं की रोटरही थांबतो. पूर्वी एकच क्लच असायचा. तो दाबला की चाकं आणि यंत्र एकदम गप्प, त्यामुळे कडबा किंवा गवत यंत्रात तुंबलं की ते मोकळं करायला थांबावं, तर यंत्रही थांबायचं. 1956 सालच्या फर्ग्युसन 35 च्या डिलक्स ट्रॅक्टरला असा दुहेरी क्लच होता, आणि पुढं पुष्कळ ट्रॅक्टरांनी तो उचलला. तर मुद्दा असा, की दोष पॅडलचा असता तर आधी चाकं घसरली असती. इथं चाकं ठणठणीत होती आणि पॅडलवर सगळ्यात शेवटी सुटणारी पीटीओची, म्हणजे मागचा शाफ्ट फिरवून रोटर चालवणारी प्लेटच सुटत होती. पण हे सांगायला तिथं मिस्त्री नव्हते.

"लोड दिल्याबिगर कळायचं न्हाई," दुसरा म्हणाला. "माझं रान हितंच हाय, रस्त्याला लागून."

रोटर टेकला. दहा मिनिटं ढेकळं उडाली, मग पाती थांबली, वास आला, रानमालकानं मान हलवली. "स्प्रिंग गेलीय," असं सांगून तो जेवढं रान झालं होतं तेवढ्याकडे समाधानानं बघत राहिला.

कुमठ्यात जो भेटला तो द्राक्षबागायतदार. त्याच्याकडे ब्लोअर असल्यामुळे पीटीओशी रोजचा संबंध. रस्ताभर भेटलेल्यांत कामाचा प्रश्न या एकट्यानं विचारला. "पाती थांबली तवा मागचा शाफ्ट फिरत हुता का?"

तात्यांनी पुतण्याकडे बघितलं, पुतण्यानं तात्यांकडे. दोघंही पंधरा दिवस पात्यांकडेच बघत होते. शाफ्ट फिरतोय आणि पाती थांबलीत, तर दोष रोटाव्हेटरचा: गिअर, चेन किंवा जादा लोड आला की तुटण्यासाठीच बसवलेला बोल्ट. शाफ्टही थांबला, तर दोष ट्रॅक्टरच्या पोटात. हे बघायचं म्हणजे पुन्हा लोड आला आणि लोड म्हणजे पुन्हा रान आलं. बागायतदाराचं मोकळं रान अर्थातच जवळ होतं.

या वेळी तात्या लांब उभे राहिले. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात उपरण्याचं टोक गेलं तर "थांब" म्हणायलासुद्धा वेळ मिळत नाही. त्यांच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर केव्हाच फुटून गेलं होतं. ते असायला हवं होतं. दहाव्या मिनिटाला शाफ्ट मंदावला, थांबला. इंजिन मात्र त्याच आवाजात गुरगुरत राहिलं. दोष पोटातलाच. बागायतदारानं चहा पाजला, फुकट झालेल्या रानाच्या मानानं तो स्वस्तात सुटला.

कवलापूरनं विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षं ऐकलेली आहे, तेव्हा विमानाऐवजी आलेल्या ट्रॅक्टरचं तिथं अगत्यानं स्वागत झालं. गाजराच्या रानातल्या एका आजोबांनी काही न विचारता बांधावरचा दगड बाजूला केला. ट्रॅक्टर आधीच तापलेला, त्यामुळे इथं चारच मिनिटांत थांबला. रानाच्या मधोमध एक लांब पट्टा तसाच राहिला.

"येवढं ऱ्हायलं की," आजोबा म्हणाले.

"परत येताना करतो," पुतण्या बोलून गेला.

माधवनगरला पोचायला दुपारचे साडेबारा झाले. इतक्या रानांवरचा अनुभव गाठीशी असल्यामुळे तात्यांनी निदान एका दमात सांगितलं: स्प्रिंग, लूज, फिंगर, बेअरिंग. मिस्त्रींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी ट्रॅक्टर सुरूही केला नाही. पोतं अंथरलं, ट्रॅक्टरखाली सरकले आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या मधल्या घराला तळाशी बोट लावलं.

"हे कुणी मारलं?"

त्यांच्या चिमटीत बाभळीची खुंटी होती, साबण लावून घट्ट बसवलेली. तिच्यामागून काळं ऑइल आलं, चहाचा पेला भरेल इतकं. मिस्त्रींनी थेंब बोटावर चोळला, हुंगला. दाट, पिवळसर, उग्र वासाचं असतं तर गिअरबॉक्सचं. हे काळं, पातळ: इंजिनाचं. क्रँकच्या मागचं ऑइल सील गेलं होतं.

"तात्या, ते भोक कंपनीनं पाडलंय. सील गळलं तर ऑइल बाहेर पडावं, प्लेटवर जाऊ नये, म्हणून."

"अंगणात डाग पडत हुते," तात्या आभाळाकडे बघत म्हणाले. "घरातनं रोज वरडा हुता."

सात महिने अंगण स्वच्छ होतं.

अशा ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स हेच एकमेकांना बोल्टनं जोडलेलं त्याचं अंग. म्हणून फूटभर रुंदीच्या प्लेटपर्यंत पोचायला अख्खा ट्रॅक्टर कमरेत फोडावा लागतो. पुढचा भाग जॅकवर, मागचा लाकडी ठोकळ्यांवर, मध्ये दीड फूट मोकळी जागा. तात्या त्या जागेकडे पाठ करूनच बसले. प्लेटा निघाल्या. दोन्हींवर ऑइल, पण पीटीओची प्लेट घसरून घसरून तव्यासारखी काळी आणि आरशासारखी गुळगुळीत झालेली. रस्त्यावर ओढायला जोर लागतोच किती. खरा भार तिच्यावर होता. गार असताना ती कशीबशी धरायची, तापली की सोडून द्यायची. गावच्या फिटरला ती दोन्ही वेळा गारच भेटली होती.

दोन दिवसांत नवं सील, दोन्ही प्लेटा बसल्या, फिंगरांची उंची मापानं सारखी झाली, पॅडलला लूज मिळालं. भोकात मिस्त्रींनी एक सैल कॉटर पिन लोंबती सोडली. ट्रॅक्टर हलला की ती हलते आणि भोक तुंबू देत नाही. "ह्याखाली डबा ठेवा," ते म्हणाले. "आणि ह्या पोराच्या डाव्या पायाला काहीतरी काम द्या."

परतीला कवलापूर आलं. आजोबा रस्त्यावरच उभे होते, बांधावरचा दगड आधीच बाजूला केलेला. पट्टा सहा मिनिटांत झाला. शाफ्ट थांबला नाही, वास आला नाही.

"आता बरं झालंय म्हंता," आजोबा म्हणाले, "पर दहा मिनिटं कुठं झाली अजून? माझ्या भावाचं रान पलीकडंच हाय."