चेटकिणीची बोटं, बिनतिळाची

भुताखेतांना जेवू घालण्यात कोकणी माणसाचा हात कोणी धरणार नाही. आमच्याकडे ज्याचं त्याचं पान वेगळं. देवचाराला रोट आणि वर विडीकाडी. राखणदाराला कोंबडा, तोही नुसता नाही; रीतसर गाऱ्हाणं घालून, 'तुझं तुला पोचतं केलं, आता लेकराबाळांकडे बघ' असं बजावून. कुणाला बाहेरची बाधा झाली असा संशय आला की तिठ्यावर उतारा. दहीभात, त्यावर गुलाल, टाचण्या टोचलेलं लिंबू, एखादं अंडं. शाळेत जाताना वाटेत असा उतारा दिसला की आम्ही मुलं लांबून वळसा घालायचो. आज आठवून बघते तर मांडणी काय झकास असायची! खाली हिरवं पान, त्यावर पांढरा भात, त्यावर लाल गुलाल, शेजारी पिवळं लिंबू. मोठ्या हॉटेलात या ताटाचे चांगले पैसे लावले असते. खायला भूत आलेलं मात्र कोणी पाहिलं नाही. गावची कुत्री यायची, चाटूनपुसून खायची आणि ठणठणीत असायची.

एवढी परंपरा पाठीशी असल्यावर, न्यू जर्सीत राहणारी लेक जेव्हा म्हणाली, "आई, हॅलोविनला आपल्याकडे माणसं येणारेत. जेवण बाहेरून मागवतेय, तू फक्त अपेटायझर कर. भुताटकीचं काहीतरी हवं," तेव्हा मला हे घरचंच कार्य वाटलं. मी विचारलं, "भूत कुठलं?" ती म्हणाली, "कुठलंही चालेल, क्यूट हवं."

इथेच माझी आणि अमेरिकेची फारकत झाली. आमच्याकडे खवीस, मुंजा, गिऱ्हा, समंध, हडळ, जखीण अशी मोठी बिरादरी आहे, पण त्यांत क्यूट कोणी नाही. लेकीने फोनवर फोटो दाखवले. सॉसेजला पिठाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या ममी. चीजच्या गोळ्यात ऑलिव्ह खुपसून केलेले डोळे. उकडलेल्या अंड्यावर काळ्या ऑलिव्हचा आठ पायांचा कोळी. अन्नावर कोळी दिसला तर आमच्या घरात आरडाओरडा होतो. ही माणसं तो नीट बसवतात, एकेक पाय मोजून.

तारीख आणखी मजेची होती. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला गुरुवार आला आणि त्याच दिवशी कालनिर्णयात नरकचतुर्दशी. म्हणजे आदल्या रात्री गोव्यात पोरं गल्लोगल्ली नरकासुराचे पुतळे उभे करून जागत असणार, पहाटे ते जाळणार, मग घरोघर अभ्यंगस्नान, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं आणि नाना तऱ्हांचे पोहे. राक्षस बघायचा, त्याला संपवायचा आणि मग खायला बसायचं, असा आमचा क्रम. इथे राक्षसासकट खायला बसतात. समोरच्या घरासमोर बारा फुटी सांगाडा उभा होता. घर आपल्या माणसांचं असल्यामुळे त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि एका हातात आकाशकंदील.

हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. हिवाळा तोंडावर आला की त्या रात्री मेलेल्यांची ये-जा सुरू होते अशी समजूत. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं पोटापाण्यासाठी अमेरिकेत आली आणि त्यांना इथे भोपळा सापडला. सलगम कोरून बघा, म्हणजे त्यांना केवढी सुटका वाटली असेल ते कळेल. नातीने भोपळा आणला, त्याला डोळे आणि दात कोरले आणि आतला सगळा गर वर्तमानपत्रावर काढला. माझ्या डोळ्यांसमोर घारगे तरळले. पण हा कोरायचा भोपळा पाणचट आणि दोरेदोरे असलेला. गूळ घातला तरी घारगे हसले असते. बिया मात्र मी धुऊन ठेवल्या. बी टाकून द्यायची नाही, हे माझ्या आईचं वाक्य कुठल्याही देशात लागू पडतं.

मग लेकीने पाहुण्यांची यादी वाचली. नावं थोडी, पथ्यं फार. एकाला शेंगदाण्याने घसा सुजतो, त्याच्या मुलीला बदाम-काजू चालत नाहीत. एक बाई ग्लूटेन खात नाहीत. एक जोडपं व्हीगन, म्हणजे दूध-तूपही बाद. मागच्या घरातली जैन शेजारीण कांदा-लसूण-बटाटा खात नाही आणि सूर्यास्तानंतर काहीच खात नाही. भुतं उगवायच्या आत तिचं आटपायला हवं. एकीचा गुरुवार, पण तो संध्याकाळी सुटणार होता. त्यात जावई म्हणाले, "तीळ नकोत हं, आई." मी म्हटलं, "तिळांनी कोणाचं काय घोडं मारलंय?" तर म्हणे २०२३ च्या जानेवारीपासून तीळही सरकारी यादीत गेले. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, बदाम-अक्रोडांसारखी कवचातली फळं, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि आता तीळ, असे नऊ झाले. पाकिटावर हे नऊ लिहावेच लागतात. आमच्याकडे नवग्रहांची शांत करतात, इथे या नऊ जणांची करावी लागते, आणि ग्रह निदान दक्षिणेवर तरी ऐकतात. वर, नारळसुद्धा त्या वेळी तिथल्या सरकारी हिशेबात कवचातल्या फळांतच मोडायचा. कोकणातल्या बाईला स्वयंपाकघरात उभी करायची आणि नारळाला हात लावू नको म्हणायचं, याहून भयंकर हॅलोविन कोणता?

ममी गव्हात गेल्या. डोळे चीजमध्ये गेले. कोळी अंड्यासकट गेला. लेक रडवेली होऊन फोन चाळत राहिली आणि माझी नजर फराळाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या पिशवीवर गेली. त्या पिशवीत घरून आणलेली भाजणी होती.

चार वाट्या तांदळाला दोन हरभराडाळ, एक मूगडाळ, पाऊण वाटी उडीदडाळ, धणे आणि जिरे. सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळलेलं. गहू नाही, दूध नाही, अंडं नाही, दाणा नाही, कांदा-लसूण तर नाहीच. व्हीगन आणि ग्लूटेन हे शब्द गावात पोचायच्या कितीतरी आधी आमच्या आज्या हा पदार्थ भाजून बसल्या होत्या. तीळ मी वरून घालते, ते वगळले. कडबोळ्यांसाठी हात वळलेलाच होता. कडबोळं वळलं नाही, सरळ ठेवलं, की झालं चेटकिणीचं बोट.

मोहन, तिखट, मीठ, ओवा घालून पाणी उकळलं, त्यात भाजणी टाकून झाकण ठेवलं आणि निवल्यावर पीठ मळलं. मग करंगळीहून बारीक नळ्या केल्या. जाड करून चालत नाही, आत मऊ राहतात आणि मऊ बोट खाताना उगाच नको ते विचार येतात. मधलं पेर फुगीर हवं म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना चिमटीने किंचित दाबलं. सुरीच्या उलट्या बाजूने पेरांवर तीन-तीन आडव्या रेघा ओढल्या. टोकाला अंगठ्याने खळगा केला नखासाठी. अमेरिकेत या जागी बदाम लावतात. आपल्याकडे बदामाला बंदी, म्हणून मी नातीच्या भोपळ्याच्या बिया काढल्या. आणि काय सांगू! कवचासकट भोपळ्याची बी म्हणजे हुबेहूब न कापलेलं, पिवळट पडलेलं, कडेने जाड झालेलं म्हाताऱ्या माणसाचं नख. नातीने एक बोट हातात घेऊन निरखलं आणि म्हणाली, "आजी, धिस इज सो ग्रॉस!" जावयांनी भाषांतर करण्याआधीच मला कळलं, ही दाद होती.

तळण गॅरेजमध्ये. घरात तळलं की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलतो, त्यामुळे इथल्या समस्त आपल्या लोकांच्या दिवाळीला गॅरेजचा वास असतो. पहिल्या घाण्यातच बियांनी रंग दाखवला. तापल्या की त्या फट् करून उडायला लागल्या आणि नखं कढईबाहेर, बोटं कढईत असा प्रकार झाला. मग बिया वेगळ्या तव्यावर भाजल्या, बोटं नुसती मंद आचेवर तळली आणि नखं मागाहून चिंचगुळाच्या घट्ट कोळाने चिकटवली. कोळ नखाच्या कडेने जरासा ओघळला की असं वाटे, चेटकीण आत्ताच कुणाला तरी ओरबाडून आली आहे.

त्या दिवशी ऑक्टोबर अखेरीला न शोभणारा उकाडा होता. गॅरेजचं दार मी सताड उघडं टाकलेलं. पहाटे न्हायलेले केस मोकळेच राहिले होते आणि ते बहुतेक पांढरे. अंगात काळा गाऊन. कोपरापर्यंत पीठ. घामाने कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलेलं, हे मला नंतर कळलं. हातात झारा, समोर धुराने भरलेली कढई. रस्त्याने घरोघर गोळ्या मागत फिरणारी पोरं दारात थबकली. एक स्पायडरमॅन, एक केळं आणि दोन राजकन्या. केळं म्हणालं, "व्हॉट अ कॉस्च्यूम!" स्पायडरमॅन धावत गेला आणि आणखी चौघांना घेऊन आला. साऱ्या गल्लीत उसन्या दाढ्या, प्लॅस्टिकचे दात आणि बाजारचं रक्त लावून माणसं घाबरवायला निघाली होती, आणि पैजेला मी जिंकत होते, दळणाच्या पिठावर.

मी कौतुकाने ताट पुढे केलं. पोरांचे डोळे लकाकले, पण मागे उभ्या असलेल्या बापाने हसून, फार नम्रपणे नको म्हटलं. इथे पोरं सीलबंद पाकिटातलंच घेतात. परक्याच्या घरी केलेल्या वस्तूत ब्लेड असेल, विष असेल, ही धास्ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली; सफरचंदातल्या ब्लेडच्या गोष्टी आईबाप दरवर्षी सांगतात. शेजारच्या पायरीवर एक निळा-हिरवा भोपळा ठेवला होता, त्याचाही अर्थ लेकीने सांगितला. ज्या मुलांना अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी या घरी खाऊऐवजी पेन्सिली, खेळणी मिळतील, अशी ती खूण. २०१४ पासून हा रिवाज देशभर पसरला. मला तो आवडला. ज्याच्या पोराचा एका शेंगदाण्याने श्वास अडकतो, त्याला मी कोणत्या तोंडाने हसणार?

पण त्या गॅरेजात उभी राहून मला एक गोष्ट लख्ख दिसली. केस मोकळे सोडलेल्या, कपाळावरून लाल ओघळ आलेल्या, उकळत्या कढईत बोटं तळणाऱ्या बाईला तिथलं एकही पोर घाबरलं नाही. घाबरले ते घरी केलेल्या कडबोळ्याला. आमच्या गावी नेमकं उलटं. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडले की आजी पाठीत धपाटा घालायची, पण कुणाच्याही ओटीवरून कुणीही पोर लाडू उचलून पळायचं आणि लाडवात काय घातलंय हे कुणी विचारत नसे. प्रत्येक गावाला भीती लागतेच. आम्ही ती चिंचेच्या झाडावर ठेवली, यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला.

संध्याकाळी ताट मांडलं. कोथिंबीर-पुदिन्याच्या हिरव्या चटणीचा पसरट वाडगा आणि त्यातून उभी वर आलेली बोटं, दलदलीत कुणी तरी गाडलं गेल्यासारखी. लेकीने पुढे कार्ड ठेवलं, त्यावर काय आहे आणि काय काय नाही याची टाइप केलेली यादी. ड्रॅक्युला, दोन समुद्री चाचे आणि एक नर्स, सगळे आधी चष्मे लावून कार्ड वाचत होते. जैन शेजारीण सूर्यास्ताच्या आत मागच्या दाराने आली, तिने कार्ड न वाचता फक्त "मावशी, कांदा-लसूण नथी ने?" एवढंच विचारलं आणि पाच बोटं, म्हणजे एक अख्खा पंजा संपवून गेली. मग सगळेच तुटून पडले. घरभर कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज. ग्लूटेनवाल्या बाईंनी तर पर्समध्ये काही नेली.

एका चाच्याने मला विचारलं, ही नक्की कुणाची बोटं? मी रंगात आले. म्हटलं, चेटकीण म्हणजे जिवंत बाई, मंत्रतंत्र जाणणारी. हडळ म्हणजे मेलेली, आणि तिची ओळख बोटांत नाही, पायांत, कारण तिचे पाय उलटे असतात. झालं! पुढच्या वर्षी हडळीचे पाय करायचे, असं सर्वानुमते ठरलं. जावयांना मात्र शंका आली. "आई, पाय उलटे आहेत हे पाहुण्यांना कळणार कसं? ताट फिरवलं की सुलटे होतील." इंजिनिअर माणूस, शंका काढणारच. मी म्हटलं, "ताट फिरवू नये असं कार्डावर लिहा. तुमच्याकडे माणसं कार्डावरचं ऐकतात."