ताट वेगळं, खिडकी बंद

घरात कुणाला टीबी निघाला की पहिल्या दिवशी त्याचं ताट, वाटी, पेला वेगळा होतो. दुसऱ्या दिवशी खिडकी बंद होते, कारण खोकला शेजारी ऐकू जायला नको. मुंबईत चाळीपासून टॉवरपर्यंत हेच चालतं. यातल्या पहिल्या गोष्टीचा काडीचा उपयोग नाही आणि दुसरी घातक आहे.

फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकला की जंतू हवेत जातात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ताटावरून, टॉवेलवरून, हातात हात घेतल्याने तो लागत नाही. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी या जंतूचा शोध जाहीर केला. आपण अजून भांडी वेगळी घासतोय! मणक्याचा किंवा हाडाचा टीबी तर एकाचा दुसऱ्याला होतच नाही. तरी तेवढ्यावरून ठरलेली लग्नं मोडतात, आणि मोडणारे पदवीधर असतात.

रुग्णाला घरात ठेवायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर मद्रासने १९५९ मध्येच दिलं. तिथल्या प्रयोगात काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना दाटीवाटीच्या वस्तीत घरीच औषध दिलं. दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात लागण जास्त झाली नाही. म्हणजे खरी भीती औषधाआधीच्या खोकल्याची बाळगायला हवी. नेमका तोच आपण लपवतो. मेडिकलमधून बाटली आणतो, ती संपली की दुसरी आणतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन यांपैकी काहीही असेल तर पालिकेच्या दवाखान्यात जा. तपासणी फुकट आहे, औषधंही फुकट आहेत.

टीबी झालेल्याचं ताट वेगळं करण्यापेक्षा ते भरा. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबांना जादा शिधा दिला, तेव्हा घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला महिन्याला १००० रुपये मिळतात. एवढ्यात पाच जणांच्या घराला दूध, अंडी, डाळ कशी पुरणार? रक्कम वाढवा आणि शिधा सगळ्या घराला द्या.

खिडकी उघडा, असं सांगणंही सगळीकडे पुरत नाही. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या चिकटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. तिथे अभ्यास झाला तेव्हा ऊन-वारा कमी असलेल्या घरांत टीबी जास्त आढळला. झोपडीतून पक्क्या घरात नेलं म्हणून आपण पाठ थोपटून घेतली आणि माणसं बंद पेटीत ठेवली. असे नकाशे मंजूर करणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे. यापुढे तळमजल्याच्या घरात ऊन-वारा येतो की नाही हे पाहिल्याशिवाय एकाही इमारतीला परवानगी मिळता कामा नये.

आणि मालकहो, तुमच्याकडच्या मावशींना, ड्रायव्हरला, कारखान्यातल्या कामगाराला टीबी निघाला तर त्याला काढू नका. औषध लागू पडलं की बहुतेक रुग्णांपासून लागण होण्याचा धोका काही आठवड्यांतच उतरतो. डॉक्टर सांगतील तेवढी पगारी रजा द्या आणि कामावर परत घ्या. औषधाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. नोकरी गेली की माणूस गावी जातो, गोळ्या सुटतात, टीबी उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देईनासा होतो. तसा टीबी जडलेला माणूस उद्या तुमच्याच लोकलच्या डब्यात खोकणार आहे.