मोटर आपोआप बंद कशी करावी: विश्रांतवाडीतल्या नवशिक्यांसाठी

लागणारं साहित्य: आळंदी रस्त्यापासून जरा आत असलेलं एक घर, दारात बोअर, पार्किंगखाली पाण्याची टाकी, गच्चीवर दुसरी टाकी, एक हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक मोटर, दोन फ्लोट स्विच, एक कॉन्टॅक्टर, थोडी वायर आणि यांतल्या कशावरही विश्वास नसलेले घरातले एक ज्येष्ठ सदस्य. शेवटचं साहित्य विकत आणावं लागत नाही.

पायरी पहिली. घरात आधीपासून चालू असलेली यंत्रणा समजून घ्या. गच्चीवरची टाकी भरते, ओव्हरफ्लोचं पाणी शेजारच्या पत्र्यावर पडतं, शेजारच्या काकू 'अहो, मोटर!' म्हणून हाक मारतात, घरातला एक जण दुसऱ्याला सांगतो आणि दुसरा चप्पल शोधायला लागतो. या यंत्रणेला वायर लागत नाही, वॉरंटी लागत नाही, आणि ती मुळीच वाईट नाही. तिच्यात दोषच काढायचे तर दोन. काकू अधूनमधून मुलीकडे जातात. आणि लोहगाव जवळ आहे. धावपट्टीवरून सुखोई उठलं की आपल्याकडे फोनवरचं बोलणं वाक्याच्या मध्यात थांबवावं लागतं. पत्र्यावर पडणारं पाणी त्या वेळी कोण ऐकणार?

पुण्याने हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. मोटर नाही, स्विच नाही, हाक मारायला काकू नाहीत. कात्रज उंचावर आणि शहर खाली, एवढ्या भांडवलावर ती सोय पुढे कित्येक पिढ्या चालली. तुमची अडचण इतकीच की तुमची वरची टाकी खालच्या टाकीच्या वर आहे. उताराच्या विरुद्ध पाणी न्यायचं म्हटलं की वीज आली, आणि वीज आली की ती कधी तोडायची हे कुणीतरी ठरवणं आलं.

पायरी दुसरी. खालच्या टाकीत पाणी कुठून येतं ते पाहा. एक वाट महापालिकेच्या नळाची. शहराच्या या पूर्व बाजूला जानेवारी २०२१ पासून भामा आसखेड धरणाचं पाणी मिळायला लागलं, तरी नळाची वेळ ठरलेली असते आणि ती सहसा तुमच्या झोपेच्या वेळेशी जुळवलेली असते. या वाटेवर बॉल कॉक असतो: पाणी वर आलं की चेंडू वर येतो आणि नळाचं तोंड बंद होतं. त्याला वीज लागत नाही. फ्लोट स्विच आणायला दुकानात जाऊन नुसतं 'पाण्याच्या टाकीचा बॉल द्या' म्हणालात तर हाच हातात पडेल, तेव्हा तारेचा, मोटरचा, असं म्हणा. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढायचा मोह झाला तर आवरा. महापालिकेला ते चालत नाही, सापडली तर मोटर जप्त होते, आणि ज्यांच्या वाटणीचं पाणी तुम्ही ओढता ते याच गल्लीत राहतात.

दुसरी वाट बोअरची. तिच्याकडे नंतर येऊ. तिचा स्वभाव वेगळा आहे.

पायरी तिसरी, आणि सगळा अभ्यासक्रम खरं तर इथेच आहे. दोन्ही टाक्यांत एकाच दुकानातले, एकाच रंगाचे, एकसारखे दिसणारे फ्लोट सोडायचे असतात, पण त्यांना उलटे प्रश्न विचारायचे असतात. वरच्याला विचारायचं, पाणी कमी झालंय का? खालच्याला विचारायचं, पाणी आहे का? दोघंही 'हो' म्हणाले तरच मोटर चालू. म्हणजे वरचा चेंडू खाली लोंबला की त्याचा संपर्क जुळायला हवा, आणि खालचा चेंडू तरंगून वर आला की त्याचा. दोन्ही एकामागे एक, सिरीजमध्ये. एकाने जरी नाही म्हटलं तरी करंट पुढे जाता कामा नये.

फ्लोटच्या आतली गंमत साधी आहे. प्लास्टिकच्या पोकळ डब्यात एक गोळी आणि एक छोटा स्विच असतो. डबा कलला की गोळी घरंगळते आणि स्विच दाबते. बाहेर आलेल्या केबलमध्ये बहुतेक वेळा तीन तारा असतात. एक सामाईक, उरलेल्या दोघींपैकी एक चेंडू वर असताना जुळते आणि दुसरी खाली असताना. कुठली कुठली हे रंगावरून ठरवू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. मीटर कंटिन्युइटीवर लावा, चेंडू हातात धरून वर करा, खाली करा, आणि शिट्टी केव्हा वाजते ते ऐका. हे काम जमिनीवर, सावलीत, चहा घेत करायचं आहे. टाकीत सोडल्यावर करायला गेलात तर आधीच्या वाक्यातलं काहीच लाभणार नाही. न लागणारी तिसरी तार उघडी सोडू नका, तिच्या टोकाला टेप मारा.

आता चेंडूच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. तिथे १६(४) असं काहीसं लिहिलेलं दिसेल. दुकानदार सोळा वाचून दाखवतो. तुम्ही कंसातला आकडा वाचायचा, कारण तो मोटरसारख्या लोडसाठी असतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. सिंगल फेजवर अशी मोटर चालताना साधारण सहा ते आठ अँपिअर घेते आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट. तो सगळा करंट चेंडूतल्या चिमुकल्या स्विचमधून नेलात तर काही दिवस उत्तम चालेल. मग एके दिवशी आतले पॉइंट चिकटतील आणि टाकी भरून वाहत असतानाही फ्लोट 'अजून हवंय' म्हणत राहील. म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर. जड करंट त्याच्या पॉइंटमधून मोटरकडे, आणि दोन फ्लोटमधून फक्त त्याच्या कॉइलचा किरकोळ करंट. फेज एमसीबीवरून निघून खालच्या फ्लोटला, तिथून वरच्या फ्लोटला, तिथून ओव्हरलोड रिलेच्या ९५ आणि ९६ नंबरच्या टोकांतून कॉइलला, आणि कॉइलचं दुसरं टोक न्यूट्रलला. मोटरकडे जाणारी वायर अडीच स्क्वेअर एमएमची. अर्थिंगची हिरवी वायर शोभेसाठी नसते, ती पिटपर्यंत खरोखर पोचली आहे का ते पाहा.

पायरी चौथी. वरचं सगळं परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. तो येईल, बोर्ड उघडेल, काही क्षण गप्प राहील आणि म्हणेल, 'हे कुणी केलंय?' उत्तर द्यायचं नसतं. प्रत्येक वायरमन आधीच्या वायरमनबद्दल हेच विचारतो, आणि पुढचा याच्याबद्दल विचारणारच आहे. तुमचं काम लक्ष ठेवण्याचं. मेन बंद केल्यावर त्याने नुसत्या टेस्टरच्या लाल दिव्यावर भागवू नये, मीटर लावावा. पॅनलमधल्या कपॅसिटरला वीज गेल्यावरही हात लावू नये, कारण त्याच्यात साठलेला झटका तसाच बसून असतो. आणि फ्लोटच्या केबलचा जोड पाण्यात किंवा टाकीच्या आत कुठेही नसावा. जोड द्यायचाच तर बाहेर, बंद बॉक्समध्ये. ज्या पाण्याने तुम्ही चूळ भरता त्यात २३० व्होल्टची तार सोडलेली आहे, हे डोक्यात ठेवा. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बाकीचं काम उद्यावर ढकला आणि आज तो बसवा.

पायरी पाचवी, दोरीची. केबल जिथे बांधता तिथून चेंडूपर्यंतची मोकळी लांबी मोटर किती पाण्यानंतर चालू-बंद होणार ते ठरवते. फार आखूड ठेवलीत तर घरात कुणी हात धुतला की मोटर सुरू, तांब्याभर पाणी चढलं की बंद. दिवसभर टक्, टक्. फार लांब ठेवलीत तर चेंडू टाकीच्या भिंतीला किंवा आतल्या पाइपाला अडकतो. पाणी पडतं त्या तोंडाखाली तर तो मुळीच नको. खालच्या टाकीत चेंडू इतका वर ठेवा की फुटव्हॉल्व्ह उघडा पडण्याच्या बऱ्याच आधी मोटर थांबेल. एकदा मोटरने हवा धरली की पुन्हा पाणी ओतून प्राइम करत बसा, आणि कोरडी फिरत राहिली तर सील गेलंच. टाकी धुणारी पोरं सोय म्हणून फ्लोट पाइपाला गुंडाळून ठेवतात. ती गेल्यावर आधी तो सोडवा, मग त्यांच्या कामाची तारीफ करा.

आता बोअर. तिच्यात हा चेंडू सोडू नका. सहा-साडेसहा इंचांच्या भोकात पाइप, केबल आणि दोर असताना त्याला कलायला जागाच नसते, तो जन्मभर एकच उत्तर देत राहील. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. त्यात पाणी भेगांमध्ये असतं आणि उपसल्यावर झिरपून परत यायला वेळ घेतं. एप्रिल-मेमध्ये मोटर मिनिटागणिक जेवढं ओढते तेवढं येतच नाही. पाणबुडी मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते, पाणी गेलं की ती तापते, आणि मग रिवाइंडिंगवाल्याकडे तुमचं खातं उघडतं. म्हणून बोअरच्या पॅनलमध्ये ड्राय रन रिले बसवा. मोटर पाण्याऐवजी हवा ढवळायला लागली की करंट उतरतो, रिले तो उतार ओळखून मोटर तोडतो आणि ठरावीक वेळाने पुन्हा चाचपून बघतो. बोअरमधून खालची टाकी भरत असाल तर त्या टाकीत बोअरसाठी आणखी एक फ्लोट लागेल, वरच्या टाकीतल्यासारखा, खाली लोंबला की जुळणारा. हे वायरमनला दोनदा सांगा.

राहिला पॅनलवरचा सिलेक्टर स्विच: एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला मॅन्युअल. विश्रांतवाडीत, धानोरीत, टिंगरेनगरात, कुठल्याही इमारतीत जाऊन पॅनल बघा. नवंकोरं ऑटोमॅटिक यंत्र, आणि सिलेक्टर मॅन्युअलवर. वॉचमनला विचारा. तो म्हणतो, 'ऑटोवर भरवसा नाही साहेब.' यात यंत्राचा दोष फार कमी असतो. एकदा कधीतरी फ्लोट अडकलेला असतो, सकाळी नळाला पाणी नसतं, सेक्रेटरी ओरडलेले असतात आणि त्या दिवसापासून सिलेक्टर फिरलेला असतो. माउलींची पालखी आळंदीहून दिघीमार्गे आपल्या रस्त्याने पुण्यात जाते त्या दिवशी तर कुणीच धोका पत्करत नाही. दारात वारकऱ्यांसाठी पाणी ठेवायचं असतं, वरची टाकी काठोकाठ हवी असते, आणि मोटर पहाटेपासून हाताने चालू असते.

हे तुम्ही थांबवू शकणार नाही, म्हणून त्याची तजवीज वायरिंगमध्येच करा. मॅन्युअल केल्यावर फक्त वरचा फ्लोट बाजूला पडावा. खालचा तसाच सर्किटमध्ये राहावा. मग कुणी कितीही हट्टाने मोटर चालवली तरी फार तर पत्र्यावर पाणी पडेल, मोटर कोरडी फिरणार नाही. बहुतेक तयार पॅनलमध्ये मॅन्युअल म्हणजे दोन्ही फ्लोटना सुट्टी असते, तेव्हा विकत घेण्याआधी आतला नकाशा मागून घ्या.

शेवटची चाचणी. खालच्या टाकीत पाणी असू द्या, सिलेक्टर ऑटोवर ठेवा, वर जाऊन सुक्या लाकडी काठीने चेंडू हलकेच वर उचला. खालून कॉन्टॅक्टरचा 'टक्' ऐकू आला आणि मोटर थांबली तर जमलं. यानंतरही ते ज्येष्ठ सदस्य रोज सकाळी टाकी बघायला गच्चीवर जाणारच. त्यांना अडवू नका. जाताच आहात तर टाकीचं झाकण नीट बसलंय का तेवढं बघून या, डेंग्यूचे दिवस आहेत, एवढं मात्र सांगा.